एकही हात वर झाला नाही

लोकांना घाबरवणं हे माझं बाराव्या वर्षापासूनचं ध्येय. माझ्या वयाच्या मुली रुमालावर फुलं भरत होत्या तेव्हा मी आरशासमोर उभी राहून 'अक्राळविक्राळ' हा शब्द घशातून कसा काढावा याचा सराव करत असे. आईने ते ऐकलं आणि मला दोन दिवस खोकल्याचं औषध पाजलं.

याला कारण एक पत्र्याची पेटी. जयपूरच्या छावणीतून बदली होऊन गेलेल्या एका मेजरसाहेबांच्या बायकोने जाताना ती आमच्याकडे टाकली होती, आणि तिच्यात तळापर्यंत मराठी भयकथा होत्या. वडील शेतकी खात्यात, आम्ही दुर्गापुऱ्याला, तेव्हाच्या हिशेबाने गावाबाहेरच. दुपारभर मोर ओरडायचे आणि मी वाचायचे. आवडलेले शब्द वहीत उतरवून ठेवायचे. निबिड. विकट. कराल. एकेक शब्द असा, की नुसता उच्चारला तरी आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं.

गणपतीत गावातली सगळी मराठी घरं डॉक्टरकाकांच्या बंगल्यावर जमायची. ओला नारळ मिळायची मारामार, म्हणून मोदक सुक्या खोबऱ्याचे आणि तळणीचे. डॉक्टरकाका मंडळाचे अध्यक्ष. दिवसभर मोठ्या इस्पितळात जगण्यामरण्याचं बघून येणारा हा माणूस घरी आला की असा हसायचा, की फाटकाबाहेर टांग्याचा घोडा कान हलवायचा. आम्हा पोरांचं मराठी ऐकून मात्र त्यांचं हसू आटायचं. आम्ही 'मतलब मी गेलो ना, तर तिथे भैया बोलला' असल्या भाषेत वाढत होतो. म्हणून काकांनी नियम केला होता: कार्यक्रमात शब्द अडला की ऐकणाऱ्याने हात वर करायचा, आणि बोलणाऱ्याने थांबून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा.

माझी पहिली भयकथा या नियमाने मारली.

"त्या निबिड अंधारात," मी डोळे फिरवत सुरुवात केली, "एक अक्राळविक्राळ पिशाच्च विकट हास्य करीत..."

सात हात वर.

"निबिड मतलब?"

"दाट."

"आणि ते विक्राळ?"

"अक्राळविक्राळ. म्हणजे... मोठं. आणि वेडंवाकडं."

"आमच्या ऊँटवाल्यासारखं?"

"सांग, सांग!" काका मांडीवर थाप मारत ओरडले. "नियम म्हणजे नियम! आणि विकट हास्य कसं असतं गं? जरा करून दाखव."

मी करून दाखवलं. एक तान्हं मूल सोडलं तर सगळे हसले. तेही रडलं ते झोपमोड झाली म्हणून. पिशाच्च नायिकेपर्यंत पोचायच्या आत कॉफी आली.

जाताना काकांनी मला गाठलं. "पुढच्या वर्षी एक जरी हात वर झाला ना, तर तुझी वीस मिनिटं हार्मोनियमला." हार्मोनियम वाजवायची कर्नलसाहेबांची मुलगी. तिला एकच राग यायचा, पण पुष्कळ वेळ यायचा. माझी जागा तिला मिळाली असती तर ती मला पुन्हा कधीच परत मिळाली नसती.

त्या वर्षात मी दोन निश्चय केले. एक म्हणजे हात वर होऊ द्यायचा नाही. दुसरा, डॉक्टरकाकांचं हसू थांबवायचं.

पहिल्यासाठी मी वहीतले सगळे शब्द खोडले. हे सोपं नव्हतं. दागिने गहाण टाकणाऱ्या बाईसारखी मी 'कराल'कडे शेवटचं बघून घेतलं. उरलं काय? दार, कप, खुर्ची, पाय. पहिलीतलं पोरही हात वर करणार नाही असे शब्द. पण गंमत सुरू झाली ती तिथेच. 'भयाण शांतता' लिहिलं की मला काहीच व्हायचं नाही. त्याऐवजी 'घड्याळाचा आवाज येऊ लागला' लिहिलं, आणि भर दुपारी मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून पाहिलं. 'पिशाच्च' काढून 'कुणीतरी' लिहिलं तर अंगावर काटाच आला. पिशाच्चाला निदान शिंगंबिंगं असतात. कुणीतरी कसं दिसतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसऱ्या निश्चयासाठी मी हेरगिरी केली. गणपतीच्या आदल्या दिवशी मोदक तळायला काकूंच्या हाताखाली गेले आणि सहज विचारलं, "काकू, काका कशाला घाबरतात हो?"

"पालीला," काकू झाऱ्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

"आणखी?"

"माझ्या भावाला." मग त्यांनी एक मोदक उलटला आणि जराशा थांबल्या. "एका वाक्याला घाबरतात. चार दिवस तळमळणारा पेशंट अचानक शांत होतो आणि म्हणतो, 'डॉक्टर, आता काही दुखत नाही.' तसं कुणी म्हटलं की त्या दिवशी यांना जेवण जात नाही. दर वेळी वाईटच होतं असं नाही गं. पण एकदा झालं होतं."

मी तेरा वर्षांची होते, म्हणजे निर्दय होते. टांग्यातून घरी येईपर्यंत गोष्टीचा शेवट तयार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली आणि मी उभी राहिले. हातवारे नाहीत, डोळे फिरवणं नाही. गोष्ट एका आजारी मास्तरांची. ते चार दिवस कण्हताहेत, सून उशाशी बसून आहे. पाचव्या दिवशी कण्हणं थांबतं. घड्याळाचा आवाज येऊ लागतो. मास्तर म्हणतात, "चहा कर. दोन कप." सून म्हणते, "दुसरा कुणाला?" मास्तर नुसते पाय जरा आवरून घेतात, पलंगावर कुणालातरी बसायला जागा करावी तसे. मग सुनेकडे बघून हसतात.

"म्हणतात, आता काही दुखत नाही."

मी खाली बसले. एकही हात वर झाला नाही. हार्मोनियमवाली मुलगी आईच्या पदरात शिरली होती. समईची वात तडतडली तर तीन बायका दचकल्या.

मग एक हात वर झाला. डॉक्टरकाकांचा.

कुठला शब्द? कप? पाय?

"मी जरा इस्पितळात जाऊन येतो," काका म्हणाले. ते हसत नव्हते. चपला उलट्यासुलट्या घालून ते गाडीत बसले आणि गेले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की गणपतीच्या मागे जागा असती तर मी तिथे लपले असते. घाबरवणाऱ्या बाईलाच घाम फुटला.

तासाभराने फाटक वाजलं. काका आत आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"सकाळी अकरा नंबरच्या खाटेवरचा माणूस मला तेच म्हणाला होता," ते म्हणाले. "मी धावत गेलो. तर साहेब उठून बसलेत आणि घरून आलेली कचोरी खातायत! मी नाडी धरली तर मला म्हणतो, डॉक्टरसाब, आप ठीक तो हैं?"

आणि मग ते हसले. फाटकाबाहेर घोड्याने कान हलवले असतील, आम्ही पाहायला गेलो नाही. माझी वीस मिनिटं कायमची माझी झाली.

काकांनी मला मात्र अट घातली: ते वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा काढायचं नाही. मी तीन वर्षं पाळली. मग मला टायफॉइड झाला. काका रोज दुर्गापुऱ्याला यायचे, पोट दाबून विचारायचे, "दुखतंय?" ताप उतरला त्या सकाळी मला खरंच हलकं वाटत होतं, आणि मोह आवरला नाही.

"आता काही दुखत नाही, काका."

त्यांचा हात माझ्या पोटावर तसाच राहिला. चष्मा खाली आला.

"थोडं दुखतंय म्हण."

"पण काका, खरंच..."

"थोडं दुखतंय म्हण, कार्टे."

"थोडं दुखतंय."

"शाब्बास," काका म्हणाले, आणि आईकडे वळून त्यांनी चहा मागितला. एकच कप.