दहावा मणी

रेवसच्या धक्क्याला लाँच लागत होती आणि माझा फोन वाजला. भाऊच्या धक्क्यापासून समुद्र अगदी सपाट होता, वारा नावालाही नव्हता, आणि असा गप्प समुद्र मला कधीच आवडला नाही. फोनवर आमची शेजारीण फिलोमिना होती. "वैनी, माय गेली," ती म्हणाली. "सांजच्या माळेला बसली व्हती, माझ्या बाजूलाच. मान खाली घातली ती वर केलीच न्हाय." उतरणाऱ्यांची रेटारेटी चालली होती, कुणाची तरी पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. मी विचारलं, "माळ कुठवर झाली होती?" फिलोमिना म्हणाली, "चाळीस झाले व्हते. शेवटचे दहा ऱ्हायले." सासू गेल्याचं ऐकून सुनेनं असा प्रश्न का विचारावा, हे सांगायला मला बरंच मागं जावं लागेल. त्या वेळी मी एवढंच केलं, की पर्सचा आतला कप्पा चाचपला. तिथं वाटाण्याएवढा एक लाकडी मणी होता. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तो मी मायला परत देणार होते...

माझं माहेर माणगावचं. वडील कंपाउंडर, आणि आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या घरात मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, जपमाळ तर नाहीच. बाबा रोज सकाळी बायबल उघडून वाचायचे आणि डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायचे. कधीकधी ती एवढी लांबायची की चहा गार व्हायचा. आंतोनशी लग्न करून मी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या कॅथलिक गावात आले, इथल्याच शाळेत शिकवू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात सासूशी वाद घालून बसले. लुईझा तिचं नाव, पण घरात आणि गावात सगळ्यांची ती मायच. ती ओटीवर मासळी साफ करत होती. मी म्हटलं, "माय, तेच तेच पन्नास वेळा कशाला म्हणायचं? देवाला एकदा सांगून कळत नाही का?" तिनं सुरी थांबवलीसुद्धा नाही. "त्याला कळतं गो बाय," ती म्हणाली. "मला कळाया पन्नास वेळा लागतं." शिकलेल्या सुनेचं तोंड असं एका वाक्यात बंद झालेलं पाहून आंतोन आठवडाभर हसत होता.

तिची भक्ती चर्चमध्ये कमी आणि घरात जास्त होती. पिठाच्या डब्यावर क्रूस, आंतोनच्या शिदोरीवर क्रूस, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस. सुकत घातलेल्या बोंबलांना चांगलं ऊन मिळालं की "देवा, बरं केलंस." कावळ्यानं त्यातला एक उचलला की "देवा, ह्ये काय?" ती देवाशी अशी बोलायची, की तो मागच्या दारी लाकडं फोडतोय आणि हाक मारली तर येईल. एकदा मी चिडवलं, "एवढा जवळ असतो, मग तुम्हाला भीती कशाची वाटते हो?" कारण माय भित्री होती. वारा फिरला की भ्यायची, कुत्रं रडलं की भ्यायची. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हितंच असतो म्हणून तर भ्या वाटतं. लांब असता तर कशाला भ्याले असते?" मी ते हसण्यावारी नेलं. देव जवळ आला की बरं वाटतं, शांत वाटतं, असंच मला लहानपणापासून शिकवलेलं. एकाच खोलीत कुणीतरी बसलंय, बोलत नाही आणि सगळं बघतंय, ही जवळीक मला ठाऊक नव्हती. आता ठाऊक आहे.

दिवेलागणीला चर्चची घंटा झाली की माय घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे आमच्या छोट्या देवघरापुढे, चटई टाकून बसायची. माळ तिनं स्वतः जाळ्याच्या दोऱ्यात ओवलेली, मणी हाताच्या तेलानं काळे पडलेले. जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात आणि प्रत्येक मण्याला मरियेची तीच प्रार्थना. तिच्या शेवटी शब्द येतात, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी'. बाकीचे ते एका दमात म्हणतात. माय मात्र 'आता आणि' म्हणून थांबायची. एक श्वास घ्यायची, मग पुढचं. ती पुढचं म्हणेपर्यंत आम्हा सगळ्यांचा श्वास अडकायचा. पहिले दहा ती घरच्यांसाठी म्हणायची, दुसरे गावासाठी, तिसरे समुद्रावर गेलेल्यांसाठी, चौथे आजाऱ्यांसाठी, आणि हे ती मोठ्यानं सांगायची. शेवटचे दहा कुणासाठी, ते मात्र सांगायची नाही. नुसते ओठ हलायचे.

मी मास्तरीण, ओठांवरून शब्द ओळखायची सवय मला वर्गातच लागलेली. एका संध्याकाळी मला कळलं, नाव बस्त्यावचं होतं. बस्त्याव आमच्या गल्लीच्या टोकाचा, मायशी त्याचं कुंपणावरून जुनं भांडण. नवव्या दिवशी तो गेला. पुढं कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाईचं नाव आलं, आणि पावसाळा संपायच्या आत तिच्यासाठी घंटा वाजली. मग चर्चमध्ये गाणारी एक म्हातारी. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, तरी गावात कुजबूज होतीच. बायका अर्ध्या थट्टेत म्हणायच्या, "लुईझाच्या शेवटच्या दहांत नको गो जाऊस." एकदा दुमिंग नावाचा कोळी ताजी सुरमई घेऊन ओटीवर आला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "माय, माझ्याकडून काय चुकलं असंल तं माफी करा." मायनं सुरमई ठेवून घेतली आणि त्याला चहा पाजला. त्याचंही नाव मी तिच्या ओठांवर वाचलं होतं, आणि दुमिंग अजून ठणठणीत आहे. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण भीती बसली की माणूस एवढंही बघत नाही.

यंदा मासेमारी सुरू झाल्यावर आंतोन ट्रॉलरवर गेला. दुसऱ्याच दिवशी बंदरावर धोक्याचा बावटा चढला. समुद्र काळसर झाला, वारा कधी इकडून तर कधी तिकडून येऊ लागला. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी आल्ताराच्या खोलीत गेले तेव्हा माय शेवटच्या दहांवर आली होती. तिचे ओठ हलले. आंतोन. मी कप कुठं ठेवला ते आठवत नाही. मी माळ तिच्या हातातून हिसकली, दोरा तुटला, मणी फरशीवर सांडले. "पोटच्या पोराला मारायला बसलात?" मी ओरडले. ती म्हणाली, "मारायला न्हाय गो रूथ, ऐक तरी..." मी ऐकलं नाही. ती गुडघे टेकून मणी वेचत राहिली आणि मी उभी राहून बघत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

दुसऱ्या दिवशी माळ मीच ओवून दिली. सगळे मणी सापडले होते, मी दोनदा मोजून पाहिले. पण शेवटच्या भागात मी नऊच ओवले आणि एक मणी पर्समध्ये टाकला. ज्या बाईनं लग्नापासून माळेची टिंगल केली, शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, तिनंच हा हिशेब केला, की दहा पुरे झाले नाहीत तर आंतोनचं मरणही पुरं होणार नाही. संध्याकाळी मायचा अंगठा नवव्या मण्यावरून पुढं सरकला आणि नुसत्या दोऱ्यावर थांबला. "एक कमी हाय," ती म्हणाली. "हरवला," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, जरा जास्त वेळ. मग उघड्या दोऱ्याच्या त्या तुकड्यावर बोट ठेवून तिनं दहावी प्रार्थनाही म्हटली. आंतोनचा फोन तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी तो दारात उभा होता, खारानं पांढरा झालेला, आणि आल्याआल्या जेवायला मागत होता.

तो जेवून झोपल्यावर माय माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या नवऱ्याची, आंतोनच्या बापाची, जुनी होडी आंतोननं उन्हाळ्यात तिला न विचारता फोडून जळणाला दिली होती, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी मनातून बोलत नव्हती, हे मात्र माहीत नव्हतं. "ज्याच्यावर राग हाय, त्याचे शेवटचे दहा," ती म्हणाली. "आदी चाळीस म्हनते, मग कुठं जीभ वळते त्याचं नाव घ्यायला." मी विचारलं, "आणि बस्त्याव?" ती म्हणाली, "त्यो आजारी पडल्याचं कळलं तवा घाई केली मी. मानूस रागातच निघून गेला तं मागनं मी कुठं जाऊ? आन् कोनाला आदी बोलावनं येईल ते काय सांगून येतं?" तिचा चेहरा तेव्हा घाबरलेला होता. ती लोकांच्या मरणाला भीत नव्हती. राग शिल्लक असताना देवासमोर जावं लागेल, याला ती भीत होती, आणि तो तर हाकेच्या अंतरावर होता. मला तेव्हाच मणी काढून तिच्या हातावर ठेवायचा होता. पण "मी चोरला" हे शब्द तोंडातून निघेनात. उद्या देऊ म्हटलं. असे दीड महिन्याचे उद्या गेले. मधे मुंबईच्या बहिणीचं ऑपरेशन झालं, मी दोन दिवसांसाठी निघाले. मायनं कपाळावर क्रूस केला आणि म्हणाली, "लौकर ये." एरवी ती "सावकाश ये" म्हणायची.

मातीच्या दिवशी मायच्या हातात फिलोमिनाची माळ गुंडाळली होती. मी विचारलं तेव्हा फिलोमिनानं मायची माळ रुमालात बांधून माझ्या हातात दिली. "तिनं सांगून ठेवलं व्हतं, वैनीला द्या म्हनून." मग मला ओटीवर एका बाजूला नेऊन ती म्हणाली, "महिना-दीड महिना शेवटचे दहा तुमचंच नाव घ्यायची. मी म्हटलं, माय, सून एवढी चांगली अन् तुमी राग धरता? तं म्हनाली, मनी तिच्यापाशी हाय. ती आपल्या हातानं देईल तवा माजे दहा पुरे व्हतील." खोलीत माणसं गात होती, मेणबत्त्यांचा वास येत होता. मी रुमाल उघडला नाही. तिचे शेवटचे दहा राहिले ते माझ्यामुळे राहिले, हे मला कुणी समजावायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घंटा झाली की मी त्याच चटईवर बसते. बाबा असते तर म्हणाले असते, रूथ, हे काय नवीन? पन्नास वेळा लागतात हो बाबा, मला कळायला. महिनाभर शेवटचे दहा मी मायसाठी म्हटले. नऊ मणी माळेचे, दहावा मुठीतला. मणी मी अजून ओवलेला नाही. तो तिच्या हातावर ठेवायचा राहिला, आता दोऱ्यात ओवून तो दिल्यासारखा होईल का, ते मला ठरवता आलेलं नाही. खोलीत मात्र मी एकटी नसते. हे बरं वाटण्यासारखं आहे असं कुणी समजू नये. पाठीला कळतं, एवढंच.

गेल्या आठवड्यात मायच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, झाली आणि चार दिवसांनी आंतोन निघाला. बावटा चढणार असं सगळे म्हणत होते. मी दोन दिवस थांब म्हणून हातापाया पडले. तो हसला आणि म्हणाला, "मायचं ऐकलं न्हाय, आता तुजं ऐकू व्हय?" आणि गेला. इतका राग मला त्याच्यावर कधी आला नव्हता. काल चाळीस मणी झाले आणि मायचं नाव घ्यायला गेले तर ते येईना. कुणाचं नाव घ्यायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. बाहेर माडांचा आवाज बदलला होता. मग मी आंतोनचं नाव घेतलं. नऊ मणी झाले, अंगठा दोऱ्यावर आला. मूठ उघडायची नाही, इथंच थांबायचं, म्हणजे दहा पुरे होणार नाहीत, असं एकदा मनात आलं. मी मूठ उघडली आणि दहावा मणी म्हटला. 'आता आणि' पाशी मीही थांबले, हल्ली आपोआप थांबते. नंतर तिथंच बसून तो दहावा मणी जाळ्याच्या दोऱ्यात ओवला आणि गाठ मारली. आंतोनचा फोन काल लागला नाही, आज सकाळीही लागला नाही. माळ मी खुंटीला लावलेली नाही, हातातच आहे.