उपास धरून या

पोटाची डॉक्टर पंकजा गर्जे सकाळपासून सारखी घड्याळ बघत होती. संगमनेरच्या तिच्या दवाखान्यात समोर लंकाबाई बसली होती. पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली. तीन महिने पोट जळतंय, शी काळी होते, आणि घरचे म्हणतात, पित्त! दुपारी तीनला टोळी कोल्हापूरकडं हलणार. गेल्या साली अशीच एक बाई 'पित्त' म्हणून तपासणी न करता टोळीबरोबर गेली, आणि परतली तेव्हा कॅन्सर पोटभर पसरला होता. ती पंकजाला अजून पचलेली नाही.

काल तिनं बजावलं होतं, "मावशी, उद्या उपास धरून या. दुर्बिणीनं जठर बघायचंय." बाईशी आपण बाईच्या भाषेत बोललो, याचं तिला कोण कौतुक!

"धरला ना उपास?"

"व्हय डाक्तरीनबाई, लई कडक. भगर, शेंगदान्याची आमटी, दोन केळी. भाकरीला शिवले बी न्हाई."

"कधी खाल्लं?"

"आत्ता, आठला."

पंकजानं कपाळावर हात मारला. चिडली ती स्वतःवरच. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. भरल्या पोटी नळी घातली तर अन्न श्वासनळीत जायचं. सहा तास थांबणं आलं. तीनच्या आत ट्रक हलवू नये म्हणून तिनं टोळीच्या मुकादमाला फोनवर आधी दटावलं, मग विनवलं. बाकीचे पेशंट तपासता तपासता चारदा बाहेर येऊन विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"पानी बी न्हाई," लंकाबाई दर वेळी शांतपणे सांगे.

दोनला नळी आत गेली. पडद्यावर जठरातली जखम दिसली. पंकजानं ती चारी बाजूंनी न्याहाळली. कडा मऊ, तळ स्वच्छ. तपासणीला तुकडे घेतले, पण कॅन्सरसारखं काही वाटत नव्हतं. नळी काढून तिनं हातमोजे उतरवले.

"अंगदुखीच्या गोळ्या खाता?"

"रोज. दोन सकाळी, दोन सांजच्याला. समदी टोळीच खाती."

"त्यांनीच जखम केलीय. आता एकही नको. ही दुसरी गोळी घ्या, जखम भरेल. रिपोर्ट फोनवर कळवते."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. लंकाबाईनं पदर खोचला आणि ती दारात थांबली.

"गोळी न्हाई, तर उसाची मोळी कशी उचलायची, बाई?"

पंकजानं तोंड उघडलं. तेवढ्यात हॉर्न पुन्हा वाजला आणि लंकाबाई पळाली. हॉर्न वाजला म्हणून आपल्याला बरं वाटलं, याची पंकजाला लाज वाटली.