पुंजाबाबांच्या मोटारीचा नंबर

सायखेड्याच्या पुंजाबाबांइतका माणसांवर विश्वास टाकणारा माणूस मी पाहिला नाही, आणि देवाने पुन्हा दाखवूही नये. मी शेतातल्या मोटारींना मोबाइल स्टार्टर बसवून देतो. त्यात सिमकार्ड असतं. त्या नंबरला फोन लावून चार आकडे दाबले की विहिरीवरची मोटार चालू. नोंदवलेल्या फोनवरून तर नुसता मिस कॉल पुरतो. बाबांना बजावलं होतं, हे आकडे कोणाला सांगायचे नाहीत. आठ दिवसांनी गेलो तर मोटारीच्या खोलीच्या दारावर नंबर आणि ते चार आकडे, ऑइलपेंटने, वीतभर उंचीचे!

"अहो बाबा, हे काय केलं?"

"लाइट कधी येईल नेम नाय. मी नसलो तर कोणीबी चालू करंल की. सावळ्या तर रोजच हाय इथं."

सावळ्या म्हणजे सावळीराम, शेजारच्या वावरातला चुलतभाऊ. विहीर दोघांची, पण पाण्याच्या पाळीवरून चाळीस वर्षांत कधी शब्दाला शब्द नाही. आकडे बदलतो म्हटलं तर बाबा म्हणाले, "मग सावळ्याला काय वाटंल?" मी कपाळाला हात लावला.

श्रावणात व्हायचं ते झालं. एका सोमवारी बाबा हरसूलला पाहुण्यांकडे गेले होते. सकाळी मोटार चालू झाली ती लाइट जाईपर्यंत, सहा तास. दसऱ्यासाठी लावलेला सगळा झेंडू पाण्यात उभा. घरात सिंधुबाई, बाबांची बायको, होत्या. मोटारीचा आवाज त्यांनी ऐकलाही होता. "मला वाटलं, ह्यांनीच हरसूलहून चालू केली," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत झेंडूने माना टाकल्या. बाबांचा फोन आला तेव्हा मी भडकलोच. "दारावर लिहून ठेवल्यावर दुसरं काय होणार? सावळीरामच असणार!" जन्मात कोणावर संशय न घेतलेल्या माणसाने माझ्या शब्दावरून पहिल्यांदा घेतला. चार लोकांत सावळीरामाला विचारलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

पुढच्या आठवड्यात मी आकडे बदलायला गेलो. दार खरवडून साफ केलेलं. चला, उशिरा का होईना अक्कल आली, म्हणून मला बरंच वाटलं. आता पुरावाही दाखवावा म्हणून बाबांचा फोन मागितला. मोटार कोणत्या नंबरावरून चालू झाली, याचा मेसेज मालकाला येतो. इंग्रजीत येतो, म्हणून बाबा तो कधी उघडत नाहीत.

मेसेजमध्ये माझा नंबर होता.

तपासायला म्हणून मी प्रत्येक स्टार्टरमध्ये माझा फोन नोंदवतो आणि काढायचं विसरतो. त्या सोमवारी मी त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत चेंगरत होतो, फोन खिशात. आदल्या दिवशी बाबांचीच मोटार तपासली होती, त्यामुळे यादीत तोच नंबर वर, खिशातल्या खिशात दाबला जाऊन मिस कॉल गेला. साठ विहिरींच्या किल्ल्या खिशात घेऊन हिंडतो मी, आणि अक्कल शिकवतो बाबांना! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"कोणाचा हाय?" बाबांनी विचारलं.

"माझा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग माझं मनगट धरून त्यांनी मला बांधावरून सावळीरामाच्या दारात नेलं.

"सावळ्या," त्यांनी दारावर थाप मारली, "चुकलं माझं. मोटार चालू करणारा घावला. दार उघड."

आत भांडी वाजत होती. दार उघडलं नाही.