त्र्याहत्तर सरांचा रोलकॉल

पाणी प्यायला उठायचं असलं, तरी सर आधी रेडिओ सेट बंद करायचे. माठ त्याच खोलीत, खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होता. तरीही बटण दाबायचं, दिवा विझला की नाही ते चष्मा सरकवून बघायचं, मग पेला उचलायचा. परत येऊन बसले की पुन्हा चालू. मी एकदा हसलो, तेव्हा म्हणाले, "खुर्चीत माणूस नसताना सेट चालू ठेवणं म्हणजे रिकाम्या वर्गात फळ्यावर कुणीतरी लिहितंय असं झालं. कोण लिहितंय ते आधी कळायला हवं की नको?"

सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत ते आम्हांला विज्ञान शिकवायचे. हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्या माणसांशी बोलण्याचं, लायसन्स त्यांनी तरुणपणीच काढलं होतं. या छंदातली माणसं निरोप घेताना एकमेकांना 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात. नमस्कार, शुभेच्छा, असा त्याचा अर्थ. सरांनी तो निरोप रेडिओबाहेर आणला. तास संपला की 'सेव्हन्टी थ्री', दुकानातून निघताना 'सेव्हन्टी थ्री', एकदा तर स्मशानातून परतताना चितेकडे बघून तेच. शाळेत ते त्र्याहत्तर सर होते. अडाजणच्या त्यांच्या सोसायटीत शेजारच्या हंसाबेन तोच आकडा गुजरातीत करून त्यांना 'तोतेरसाहेब' म्हणायच्या, आणि ते त्यावर मान लववून ओ द्यायचे.

वर्गात हजेरी घेताना ते हजर मुलांकडे बघतसुद्धा नसत. "हजर कोण आहे ते मला दिसतंय," म्हणायचे, "कोण नाही ते ऐकायचं असतं." नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही की ते थांबायचे, आणि तेवढ्यात सगळा वर्ग गप्प व्हायचा.

असाच एकदा माझ्या नावानंतर वर्ग गप्प झाला. आमचं घर नवागामला. वडील नंदुरबारकडून लूमवर काम करायला आलेले, आणि सातवीत त्यांनी मलाही तिथेच लावलं. शाळा सुटल्यावर सर पत्ता शोधत आमच्या खोलीच्या दाराशी आले. वडील म्हणाले, "शिकीसन काय करी तो? लूमवर बसना ते घरमा दोन पैसा येतीन." सरांना अहिराणी बोलता येत नव्हती, कळत होती. ते म्हणाले, "मी भांडायला नाही आलो. उद्या पुन्हा त्याचं नाव पुकारीन. तो नसला तर पुन्हा इथे येईन. रोज येईन." आणि खरंच आले. शेवटी वडील कंटाळले. आईच मला म्हणाली, "जाय बा शायमा, तो मास्तर काही सोडाव नही." मी आज हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये कंट्रोल रूममध्ये बसतो, ते केवळ माझी गैरहजेरी कुणाच्या तरी कानांवर पडली म्हणून. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगायला ते लागणार आहे.

निवृत्तीनंतर सरांनी रेडिओवर रोलकॉल सुरू केला. धुळे, नाशिक, बडोदा, नागपूर असे ठिकठिकाणचे त्यांच्यासारखेच म्हातारे. बहुतेक एकटे राहणारे. सकाळी चहानंतर सर एकेकाला पुकारायचे. ज्याने त्याने 'हजर' म्हणायचं, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाचा नातू, आणि शेवटी पुन्हा एक फेरी व्हायची, त्यात प्रत्येकाने 'सेव्हन्टी थ्री' म्हणून सेट बंद करायचा. कुणी उत्तर दिलं नाही की सर लगेच फोन उचलत. नागपूरचे एक जण बाथरूममध्ये पडले होते, ते या फोनमुळे वाचले. मीही सरांच्याच हाताखाली शिकून, परीक्षा देऊन लायसन्स घेतलं, पण रोलकॉलला क्वचितच असायचो. "हजीऱ्याच्या साहेबांना आज सवड झाली वाटतं," असा टोमणा ऐकून घ्यायचो.

मग सरांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काठी घेऊन घरात चालता येई, डावा हात चाले, डोकं पूर्वीसारखंच लख्ख. पण माइकसमोर बसले की तोंडातून नुसता घोगरा स्वर येई. ते सेटपाशी बसायचे, दुसऱ्यांचं ऐकायचे आणि बंद करायचे. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगी कॅनडाहून बोलावत होती, त्यांनी मान हलवून नकार दिला.

मी म्हटलं, सेट कॉम्प्युटरला जोडू. फ्रिक्वेन्सीचा आकडा फिरवणं, बोलायचं बटण दाबणं, सगळं कॉम्प्युटर करेल. तुम्ही डाव्या हाताने टाइप करा, तो ते शिट्टीसारख्या सुरांत हवेत पाठवेल आणि समोरच्याच्या पडद्यावर अक्षरं उमटतील. सेटच्या मागे त्यासाठी एक सॉकेट असतं. मी केबल आणली, मधली छोटी डबी आणली. पहिला दिवस दोघांचा वेग जुळवण्यात गेला; कॉम्प्युटर एका वेगाने विचारी, सेट दुसऱ्या वेगाने उत्तर देई, आणि पडद्यावर नुसता कचरा. वेग जुळला तेव्हा मी पडद्यावर आकडा बदलला आणि सेटवरचा आकडा आपोआप फिरला. सरांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी प्रथम पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला आणि सेटचा लाल दिवा लागला. कुणी काही दाबलं नव्हतं, तरी सेट बोलायला लागला होता. कॉम्प्युटर सुरू होताना केबलमधल्या एका तारेवर आपोआप वीज येते, आणि सेटला वाटतं की बोलायचं बटण दाबलंय. या कामात हे नवशिक्याकडून हमखास होतं. सरांनी काठीने प्लगच उपटला. मग पडद्यावर एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: 'हा माझ्याशिवाय बोलला. नको.' मी ती तार काढून टाकली, सेटिंग बदललं, दहा वेळा सुरू-बंद करून दाखवलं, तेव्हा कुठे ते शांत झाले.

त्यांच्यासाठी सगळे म्हातारे टाइप करायला शिकले. रोलकॉल आता धुळ्याचे नाना घ्यायला लागले. सरांचे जुने मित्र, अस्सल खानदेशी. पडद्यावर सरांचं पहिलं 'हजर' उमटलं, तेव्हा नानांनी मला फोन केला. "भटूभाऊ, तुन्हा सरनं अक्षर दिखनं रे!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मी इथे थांबायला हवं होतं.

सरांचं डावं बोट सावकाश चाले. कधी ते बाथरूममध्ये असत, कधी प्रोग्राम अडके आणि त्यांना तो पुन्हा सुरू करता येत नसे. उत्तर आलं नाही की नाना मला फोन करत, कारण सरांना फोनवर बोलता येत नव्हतं. तो फोन नेमका माझी शिफ्ट बदलताना यायचा. मी हजीऱ्याहून अडाजणला गाडी पळवत यायचो, तर सर दात घासत असायचे. असं पुन्हापुन्हा झालं. एकदा प्लांटमधले साहेब, सर आहेत की लहान पोर अशा अर्थाने, चारचौघांत म्हणाले, "तमारा सर छे के नानुं छोकरुं?" मला लाज वाटली. कशाची, हे मी नीट तपासलं नाही.

त्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. कुणी तुम्हांला पुकारलं, की तुम्ही लिहून ठेवलेलं उत्तर तो आपणहून पाठवतो. मी लिहून ठेवलं: 'हजर. ठीक आहे. 73.' सेट रात्रंदिवस चालू राहील असं केलं, आणि सरांना सांगितलं, "आता तुम्ही काही करू नका. बंदही करू नका, पुन्हा चालू करायला त्रास होतो."

सरांनी लिहिलं, 'मी खुर्चीत नसताना?'

"सर, आता सगळीकडे असंच असतं. आमच्या प्लांटमध्येही."

'मग तिथे माणसं कशाला ठेवली? डबा खायला?'

मी हसलो. मग जरा चिडून म्हटलं, "सर, प्रत्येक वेळी मला तिथून निघणं जमत नाही हो."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग लिहिलं, 'तू म्हणतोस तर.' ज्या माणसाने कुणाचं ऐकून कधी नियम मोडला नाही, तो माझ्या सोयीसाठी मोडायला तयार झाला. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. नानांना मी काहीच सांगितलं नाही. सर आता सरावले, असं ते समजले. रोज सकाळी त्यांचा व्हॉट्सअॅपवर निरोप यायचा, 'सर हजर', आणि मी तो वाचून फोन खिशात टाकायचो.

दिवाळीत सुरत रिकामी होते. हंसाबेन सौराष्ट्रात गावी गेल्या, स्वयंपाकाच्या बाई गावाला गेल्या. कॅनडाच्या मुलीला मी म्हटलं, "ताई, मी आहे ना." पाडव्याला फराळ आणि डबे घेऊन गेलो. सरांनी चकली डाव्या हाताने मोडून अर्धी मला दिली. "उद्या येतो," असं म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, नवागामला बहिणीकडे जेवण. त्यानंतर प्लांटमध्ये निम्मी माणसं रजेवर, मला डबल शिफ्ट. पण सकाळी निरोप होताच: 'सर हजर.' दुसऱ्या सकाळीही होता.

लाभपांचमच्या, म्हणजे सुरतेतली दुकानं पुन्हा उघडतात त्या पंचमीच्या, आदल्या दिवशी पहाटेच्या बसने हंसाबेन परतल्या. उजाडल्यावर त्यांचा फोन आला. "भाई, तोतेरसाहेब दरवाजो नथी खोलता. अंदरथी कोई अवाज नथी. तमे आवो ने."

वॉचमन आणि मी मिळून दार तोडलं. सर खुर्ची आणि माठ यांच्या मध्ये पडले होते. काठी जवळच होती. डावा हात टेबलाच्या दिशेने लांबवलेला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, पडून बराच काळ झाला होता, आणि जीव काही पडल्या पडल्या गेला नसावा. तो बराच काळ म्हणजे किती, हे मी त्यांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

हंसाबेन भिंतीला टेकून रडत होत्या. मी सरांच्या शेजारी खाली बसलो. आणि त्या खोलीत, आमच्या डोक्यावर, सेट खट् करून जागा झाला. त्याच्या आतला पंखा फिरायला लागला, लाल दिवा लागला. रोलकॉलची वेळ झाली होती. नानांनी पुकारलं होतं. शिट्टीसारखे सूर वाजले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'हजर. ठीक आहे. 73.'

आधीच्या सकाळीही असंच झालं असणार: ते जमिनीवर होते, जिवंत होते, आणि वर टेबलावरून त्यांचाच सेट त्यांच्या नावाने धुळ्याला सांगत होता की सगळं ठीक आहे. ते सूर त्यांनी ऐकले असतील. काय चाललंय हे त्यांना पुरतं कळत होतं. कोण नाही ते ऐकायचं, हे आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाची गैरहजेरी मी पुसून टाकली होती.

मी उठलो आणि सेटचं बटण दाबलं. दिवा विझला की नाही ते बघितलं. केबल काढायचं मनात आलं, पण ती तशीच राहू दिली. पुन्हा सरांपाशी बसलो. त्यांचा चष्मा बाजूला पडला होता, तो पुसून टेबलावर ठेवला. खोलीत आता खरोखर शांतता होती. वर्गात एखाद्या नावानंतर व्हायची, तशी.

थोड्या वेळाने निरोपाची शेवटची फेरी झाली असणार, कारण माझा फोन वाजला. नाना होते.

"काय भो भटू, सरनं सेव्हन्टी थ्री उनं नही आज. बरा शेतस ना ते?"