मावसाजींचा पाचवा काटा

माझ्या मावशीच्या यजमानांचा या जगात देवावर, सरकारवर, डॉक्टरवर, एवढंच काय स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त काट्यावर. गोल तबकडी, तिच्यावर आकडे, आणि आकड्यांवरून फिरणारा काटा. एवढं असलं की मावसाजी त्या वस्तूला हात जोडायचेच काय ते बाकी ठेवत. पांढुर्ण्याच्या, रुईच्या गाठी दाबणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला होता, आणि बॉयलरवाल्याची एक सवय त्यांच्या बोटात कायमची शिरली होती: काटा वाचण्याआधी काचेवर एक टिचकी मारायची, म्हणजे अडकलेला काटा सुटतो. ते मनगटावरच्या घड्याळाला टिचकी मारत, किराणा दुकानाच्या तराजूला मारत. एकदा डॉक्टर त्यांचा रक्तदाब तपासत होता, तर याच गृहस्थांनी बांधलेल्या हातानं डॉक्टरच्या यंत्राला टिचकी मारली आणि म्हणाले, "तुमचा काटा चिकटते, साहेब. मी ठीक आहो." मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा पोराची नोकरी, शेती, शिक्षण काहीही न विचारता त्यांनी मध्यस्थाला एकच प्रश्न केला: "पोरगा तापते काय? तापल्यावर किती वेळात उतरते?" सौंसरच्या आमच्या विहारासमोर बसलेली सगळी मंडळी हसली. मी नाही हसलो. हुंडा किती याच्यापेक्षा हा प्रश्न हजारपट शहाणा होता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, पांढुर्ण्याला एका खोलीत राहायचो, आणि आम्ही चार-पाच पोरं सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो. दरवर्षी जत्रेत एकमेकांवर दगड मारायच्या सावरगावच्या गोटमारीविरुद्ध काढलं, दारूच्या गुत्त्यांविरुद्ध काढलं, अंगात येणाऱ्यांविरुद्ध तर तीन काढली. मला रोजच राग यायचा, आणि यावा असंच सगळं होतं. मावसाजी माझं प्रत्येक पत्रक वाचत आणि शेवटी तेच विचारत: "हे सारं बरोबर आहे बाप्पा, पन मोजलं कोनं?" मी चिडायचो. म्हणायचो, अन्याय मोजावा लागत नाही. ते म्हणायचे, "मोजल्याबिगर तुहा राग म्हनजे नुसती वाफ. शिटी वाजते, गाठ दबत नाही."

ऐंशीच्या दशकातल्या त्या एका हिवाळ्यात, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोटार घेतली. काळी, फुगीर पाठीची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. कुठल्याशा लिलावातून आणली आणि सौंसरच्या घराशेजारी टिनाच्या छपरीत उभी केली. ती चालत होती, पण मावसाजींच्या लेखी ती आंधळी होती, कारण तिच्या पुढच्या फळीवर वेगाचा एकच काटा होता. मग महिनाभर त्यांनी तिला डोळे बसवले. सागवानी पाटी कापली, तिला गोल भोकं पाडली, आणि नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेले काटे एकेक करून घट्ट केले. एक इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या उष्णतेचा, एक बॅटरीच्या विजेचा, एक इंजिन आत हवा ओढतं त्या ओढीचा. गाडी सुरू केली की चारही काटे एकदम थरथरत उठायचे, आणि मावशी पदर आवळून म्हणायची, "मले तं वाटते थेच आपल्याले पाहून राहिली." खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. ते मी पत्रकात लिहिलं नसतं.

मग ब्रेक. जुने काढून मोठ्या गाडीचे रुंद ड्रम बसवले. इंजिनाच्या ओढीवर चालणारा एक गोल डबा लावला. पायानं थोडं दाबलं की बाकीचं डबा दाबतो. आणि सर्वांत शेवटी, रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसवरचा एक भंगारातला मोठा काटा त्यांनी ब्रेकच्या तेलाच्या नळीला जोडला. पाय किती जोरात पडला ते त्यांनी बसवलेल्या या पाचव्या काट्यावर दिसायचं. नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात: एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल, म्हणजे हवा सुटायची बारीक तोटी, सैल करायची. मावशी स्टिअरिंगमागे बसली, मावसाजी गाडीखाली.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव!"

"लगन झाल्यापासून धरूनच आहो."

"सोड आता. सोडलं काय वो?"

"सोडू कोनाले? तुमाले का पेडलले?"

गाडीखाली मावसाजी इतके हसले की हातातला पाना निसटून कपाळावर पडला.

पण हे सगळं मौजेसाठी चाललं नव्हतं. रामाकोन्याच्या पुढे जो घाट लागतो, त्याच्या वर एका खेड्यात त्यांची एकुलती मुलगी दिली होती. मी तिला ताई म्हणतो. ताईला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला खाली आणायची होती. त्या घाटात एक वळण आहे. वीस वर्षांपूर्वी मावसाजींचा धाकटा भाऊ किसन संत्र्यांचा ट्रक घेऊन उतरताना त्या वळणावरून खाली गेला. ब्रेक लागले नाहीत. मावशी सांगायची, खालच्या ओढ्यात आठ दिवस संत्री तरंगत होती आणि कोणी एक उचललं नाही. तेव्हापासून लोक त्याला किसनचं वळण म्हणतात. ड्रायव्हर तिथे नारळ फोडतात, लिंबं बांधतात, आणि शपथेवर सांगतात की तिथे गाडी जड होते, कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवतं. वीस वर्षांत नारळ किती फुटले असतील? आणि कठडा? एक दगडसुद्धा नाही! मी त्यावर पत्रक लिहायला घेतलं होतं. मथळा ठरला होता: वळणावर भूत नाही, कठडा नाही.

ताईला आणण्याच्या आठवडाभर आधी मावसाजी मला म्हणाले, "चाल, तुले एक दाखवतो." भर दुपारी आम्ही घाट चढलो, वर गाडी वळवली आणि उतरायला लागलो. पहिल्या दोन-तीन वळणांवर त्यांनी ब्रेक नेहमीसारखे दाबले, पाचवा काटा वर जायचा, खाली यायचा. मग त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून, पाटावर बसावं तशी सीटवर मांडी घातली.

"मावसाजी! काय करून राहिले तुम्ही?"

"माहे पाय कुठी आहेत, सांग."

"सीटवर आहेत! खाली घ्या!"

"आता काटा पाहा."

काटा शून्याच्या वर होता. मी पाहत असतानाच तो पन्नासावर गेला. शंभरावर गेला. पेडलवर काही नव्हतं, फक्त उन्हाचा एक पट्टा होता. मावसाजींनी काचेवर टिचकी मारली. काटा अडकलेला नव्हता. तो आणखी वर सरकला. गाडी उतारावर असून जड होत गेली, बैलाची वेसण मागून कोणी ओढावी तशी, आणि किसनच्या वळणाच्या अलीकडे, चार हातांवर, आपोआप उभी राहिली. मावसाजींनी इंजिन बंद केलं. सागाची वाळकी पानं रस्त्यावर घासत होती. गाडीखाली काहीतरी टक् टक् वाजत होतं. जळका वास येत होता. आम्ही दोघं त्या काट्याकडे पाहत बसलो, आणि बऱ्याच वेळानं तो उतरू लागला, अगदी हळू, कोणीतरी आपला पाय जपून काढून घ्यावा तसा, शून्यापर्यंत.

"चार खेपा झाल्या," मावसाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. आनंद होता, आणि तो पाहून माझ्या पाठीवर काटा आला. "चारही खेपा इथीच. मोजलं मी. वहीत लिहिलं आहे. किसन्या थांबवून राहिला. त्याले माहीत आहे, ताई येऊन राहिली म्हनून."

तीन पत्रकं काढलेला मी. मी वाकून पेडलखाली हात फिरवून पाहिला. खोलीवर परतल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी सगळं सांगितलं, किसन सोडून. त्यानं बिडी बाजूला ठेवली. "पेडलले ढील किती आहे?"

"ढील नाही. मावसाजी कशातच ढील ठेवत नाहीत."

"मंग बरोबर आहे. अरे, पेडल आन् पंपाच्या मधात दांडी असते, तिले जराशी ढील लागते. ढील नसन तं पंपाचं तोंड उघडतच नाही, तेल परत जात नाही. उतारावर ब्रेक तापले, तेल फुगलं, जाईन कुठी? आपल्याआपच दाबते. थंडं झालं का सोडते."

"दर वेळी एकाच जागी कसं?"

"उतार तोच, गाडी तेच, चालवनारा तोच. तापायले वेळ तेवढाच लागन का नाही?" आणि मी उठायच्या आत त्यानं माझा हात धरला. "पन आयक. आज थांबून राहिली म्हनून खुश नको होऊ. एखाद्या दिवशी तेल उकळन, मंग पेडल पार खाली जाईन आन् एकही ब्रेक लागनार नाही. त्या गाडीत मानसं बसवू नको."

मी पहिली बस पकडून सौंसरला गेलो. मावसाजी छपरीत होते, ताईसाठी मागच्या सीटवर गादी बसवत होते. मी पत्रकात लिहितो तसं सरळ सांगितलं, तेल, दांडी, ढील. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "किसन्याच्या पेडलले ढील होती. बोटभर. मी त्या दिवशी सकाळी पाहिली होती. म्हटलं होतं, कसून घे बे. तो म्हने, वापस आल्यावर कसतो." त्यांनी गादीवरची सुरकुती हातानं सरळ केली. "म्हनून ह्या गाडीत मी एका धाग्याचीही ढील ठेवली नाही. आन् तू मले सांगून राहिला, ढील ठेवा."

"बोटभर नाही. जराशी."

"आन् काटा चढते ते? चार खेपा?"

"ते तेल आहे, मावसाजी."

"तुले कोनं सांगितलं? तुवं मोजलं काय?"

मला तिथे थांबता आलं असतं. पण मला तेव्हा थांबता येत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही किसनकाकाले बोलावून राहिले, आन् ताईले वरून आनून राहिले. एका गाडीत दोन्ही जमनार नाही. दांडी ढिल्ली करा, मंग जाऊ. काका असतीन तं तरीही थांबवतीन."

हे शेवटचं वाक्य माझं मलाच आवडलं होतं, वाद जिंकणारं वाक्य. मावसाजी पाना घेऊन पेडलपाशी वाकले आणि दांडीचा नट सैल केला. किती, ते त्यांनी बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि परत गादी बसवायला लागले.

सोमवारी आम्ही ताईला घेऊन उतरलो. ती मागे गादीवर आडवी झाली होती, शेजारी मावशी चिवड्याचा डबा धरून. "बाबा, तुमची गाडी तं दवाखान्यासारखी दिसते, किती घड्याळं लावले," ताई म्हणाली आणि झोपली. पहिल्या वळणांवर मावसाजींनी ब्रेक दाबले. काटा चढला, पाय सुटताच शून्यावर आला. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. गाडी लोण्यासारखी चालत होती. मिस्त्री बरोबर होता, मी बरोबर होतो, ताई सुरक्षित होती, आणि किसनचं वळण जवळ येत होतं तशी मला एक चमत्कारिक गोष्ट कळली: मी श्वास रोखून त्या काट्याकडे पाहत होतो आणि तो हलावा असं मला वाटत होतं. जरासाच. दहावर तरी.

मावसाजींनी पेडलवरून पाय उचलला आणि टिचकी मारली. काटा शून्यावरच राहिला. उजव्या हाताला बिनकठड्याची दरी सरकत होती, खाली ओढ्यात ऊन होतं. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, या वेळी इतकी हळू की काच वाजलीसुद्धा नाही. वळण सुरू झालं. ब्रेकची गरज होती. मावसाजींनी पाय पेडलकडे नेला आणि मध्येच थांबवला, क्षणभर. मग अगदी जपून, खाली आधीच कोणाचा तरी पाय असेल आणि तो दुखायला नको अशा बेतानं, त्यांनी तो ठेवला.