अर्ध्या डोक्याची नोकरी

दुकानात तिला सगळे 'अर्धी' म्हणत. हे नाव शेजारच्या काउंटरवरच्या नेलपॉलिशवालीनं ठेवलं होतं, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही; जे दिसत होतं तेच ती बोलली. मधोमध भांग. भांगाच्या उजवीकडचे केस इस्त्रीच्या कपड्यासारखे सपाट, चकचकीत, खांद्यापर्यंत शिस्तीत उतरलेले. आणि डावीकडे? डावीकडे उसवलेल्या उशीतून कापूस बाहेर यावा तसा प्रकार.

हा काही विसरभोळेपणा नव्हता, ही नोकरी होती. केस सरळ करणाऱ्या एका क्रीमच्या काउंटरवर ती उभी असायची. दुकान उघडायच्या आत उजव्या बाजूला क्रीम चोपडायचं, गरम चिमटा फिरवायचा आणि डाव्या बाजूला बोटही लावायचं नाही. मग गिऱ्हाईक आलं की आधी डाव्या केसांची मूठ धरायची, मग उजवे केस बोटांतून सोडायचे आणि हसून म्हणायचं, "हे आधीचं, हे नंतरचं. आता तुम्हीच सांगा, आधीचं कुणाला हवं?" गिऱ्हाइकं हसायची, आणि हसली की बहुतेक वेळा घ्यायचीच.

गंमत म्हणजे, गंमत तरी कसली, या दुकानात ती पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. तिचे केस लहानपणापासून राठ, दाट आणि हट्टी. कंगव्याचे दात तुटले, गुंता काही सुटला नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली फळा दिसत नाही म्हणून तक्रार करायच्या. आईनं ओढून ओढून वेण्या घातल्या, मावशीनं तेलात बुडवलं, एका न्हाव्यानं तर कात्री खाली ठेवून हात जोडले. लग्नानंतर तिनं स्वतःच शोध सुरू केला. कोरड्या केसांसाठी शाम्पू होते, तेलकट केसांसाठी होते, गळणाऱ्या, पिकणाऱ्या, रंगवलेल्या, सगळ्यांची सोय होती. बाटलीवर मात्र दर वेळी तीच बाई, जिचे केस मुळातच गुडघ्यापर्यंत सुळसुळत उतरलेले. असल्या बाईला शाम्पू कशाला हवा, तिचं नुसत्या पाण्यानंही भागेल! बाथरूमच्या खिडकीत बाटल्यांची फौज जमली, पण एकीनंही लढाई जिंकली नाही.

तर अशीच आणखी एक बाटली शोधायला ती आली आणि मॅडमच्या, म्हणजे काउंटर सांभाळणाऱ्या बाईंच्या, नजरेस पडली. मॅडमनी बाटली दाखवलीच नाही. तिच्या डोक्याकडे एकटक बघत त्या म्हणाल्या, "नोकरी कराल का?" नवऱ्याचा कारखाना त्याच सुमारास बंद पडला होता. त्याला मिळायचं ते काम आज आहे तर उद्या नाही. घरात सासूबाई, कडेवर मुलगी. नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्या केसांपायी जन्मभर मान खाली घातली त्यांच्यावरच आता घर चालणार म्हटल्यावर तिला आधी हसूच आलं होतं.

ते हसू फार टिकलं नाही. केस धुवायचे ते मॅडम देतील त्याच खरखरीत साबणानं. तेल बंद. डाव्या बाजूला मऊपणा येईल असं काही लावायचं नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. उजव्या बाजूची टोकं रोजच्या चटक्यांनी जळून पातळ व्हायला लागली, तर "लांबून दिसत नाही," असं मॅडमचं मत पडलं. दुकानातून निघाली की अर्धी डोक्याला रुमाल बांधायची, तो घरात शिरेपर्यंत सोडायची नाही.

आणि घरात मुलगी वाढत होती. केस थेट आईचे, त्यात काडीचाही फरक नाही. तिला सगळे पोपट म्हणायचे, कारण एकदा कानावर पडलेलं ती जसंच्या तसं म्हणून दाखवायची. आईचं काउंटरवरचं वाक्यही तिला पाठ होतं. भांडी घासता घासता आई "आता तुम्हीच सांगा" म्हणाली की पोपट आतल्या खोलीतून ओरडायची, "आधीचं कुणाला हवं!" सासूबाईंची हसता हसता पुरेवाट व्हायची. त्या शब्दांचा अर्थ पोरीला कुठे माहीत होता! मग ती शाळेत जायला लागली, आणि एक दिवस तिथून आल्या आल्या तिनं विचारलं, "आई, माझे केस खराब आहेत का गं?"

बाकी काही का होईना, हे पोरीच्या मनात रुजू द्यायचं नाही, असं अर्धीनं तिथल्या तिथे ठरवलं.

"कोण म्हणतं असं? छान आहेत की. आपल्या दोघींचेही छान आहेत."

पोपटनं आईच्या डाव्या बाजूकडे बघितलं.

पुढे दुकानात जुना माल बाहेर काढायचं काम निघालं. सगळ्यात खालच्या फळीवर, पार मागे, क्रीमचा एक चेपलेला डबा सापडला. त्याच्यावर बाई नव्हती, फूलही नव्हतं. राठ, दाट, पिंजारणाऱ्या केसांसाठी, एवढंच लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरात: केस ओले असतानाच लावा, बोटांनी सोडवा, सुकेपर्यंत कंगवा लावू नका. अर्धीनं तिथेच फरशीवर बसकण मारली. जन्मभर तिनं केस टॉवेलनं खसाखसा पुसून कोरडेठाक केले होते आणि मग कंगवा घेऊन त्यांच्याशी मारामारी केली होती. एवढी साधी गोष्ट, आणि कुणी म्हणून सांगितली नव्हती!

"घेऊन जा, त्याला कुणी विचारत नाही," नेलपॉलिशवाली म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी पोपटच्या डोक्यावर प्रयोग झाला. केस सुकले तशा गोल गोल बटा पडल्या, हाताला मऊ लागणाऱ्या. पोपट आरशासमोरून हलेना. "आता तू लाव," ती म्हणाली.

"मला कशाला गं?"

"आपल्या दोघींचेही छान आहेत म्हणालीस ना?"

अर्धीनं लावलं, दोन्ही बाजूंना. इतके दिवस चटके खाल्लेली उजवी बाजू मरगळून तशीच लोंबत राहिली. डावी मात्र अशी खुलली की नवरा दारात थबकून म्हणाला, "या पाहुण्या कोण?" त्या दिवशी घरात सगळेच उगाचच खूश होते. सकाळपर्यंत पिंजारतील की पुन्हा, असा अर्धीचा हिशोब. आपल्या केसांबद्दल तिची तेवढी तरी खात्री होती.

केसांनी दगा दिला. दुसऱ्या दिवशीही बटा जागच्या जागी. धुवायला वेळ नव्हता, पहिली बाई समोर येऊन उभीच राहिली.

"हे आधीचं, हे नंतरचं," अर्धीनं सुरू केलं.

"थांबा थांबा. हे डावीकडचं काय लावलंय?"

"ताई, ते आधीचं आहे. नंतरचं इकडे."

"असू दे. मला आधीचंच द्या."

मागे उभ्या असलेल्या दोघीतिघी पुढे सरसावल्या. त्यांनाही आधीचंच हवं होतं. नेलपॉलिशवाली तोंड दाबून काउंटरखाली बसली. एवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी अर्धीला दंडाला धरून मागच्या बेसिनपाशी नेलं आणि साबण हातात दिला.

"धू. माझ्यासमोर धू. तुझे केस छान दिसावेत म्हणून पगार मिळत नाही तुला. पुन्हा असं दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. असल्या झिंज्यांच्या बायका पायलीला पन्नास मिळतात."

अर्धीनं डोकं नळाखाली धरलं. तिला रडू आलं नाही, राग आला. पण तो काढायचा कुणावर? म्हणून मग तिनं साबणच जोरात घासला.

घरी पोपटनं विचारलंच, तुझ्या बटा कुठे गेल्या म्हणून. "क्रीम संपेल ना, तुझ्यासाठी ठेवलंय," असं सांगून आईनं वेळ मारून नेली. पोरीला ते पटलं. न्हायल्यावर ती खुशीत क्रीम लावून घ्यायची आणि शाळेत बटा उडवत जायची. केसांचा विषय तिथून पुन्हा आला नाही. अर्धीला वाटलं, आपलं काही का होईना, पोर सुटली.

पोपटच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा सासूबाई नातीला घेऊन, न सांगता, सुनेचं दुकान बघायला आल्या. काउंटरपुढे गर्दी होती. बेसिनपाशी डोकं धुवायला लावलं तेव्हापासून मॅडम शेजारीच उभ्या असायच्या. अर्धीनं डाव्या केसांची मूठ धरली आणि तिला समोर, टाचा उंचावून बघणारी पोपट दिसली. टपोऱ्या बटा, चेहरा फुललेला.

अर्धीनं मूठ तशीच धरून ठेवली. मॅडम खाकरल्या.

"हे आधीचं," ती म्हणाली. "हे नंतरचं. आता तुम्हीच सांगा..."

पुढचं काही केल्या तोंडातून निघेना. आणि गर्दीतून खणखणीत आवाज आला, "आधीचं कुणाला हवं!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. मॅडमनी कौतुकानं पोपटला उचलून स्टुलावर बसवलं आणि मग त्यांचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं.

"अगं, ही तर तुझीच! बघा हो, यांच्या घरात आणखी एक आधीचं आहे!" त्यांनी पोपटचे केस मुठीत धरून गर्दीला दाखवले. "मोठी झाली की हिची जागा इथे पक्की."

सगळे पुन्हा हसले. पोपटही हसली, सगळे हसतायत म्हणून. मग तिनं आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर ते काउंटरवरचं हसू होतं, मॅडमच्या धाकानं धरून ठेवलेलं. पोपटचं हसू गेलं. तिनं आपल्या केसांवर हात ठेवला आणि स्टुलावरून उतरेपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी आईनं तिचे केस धुतले आणि डबा उघडला. पोपटनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

"नको."

"अगं, ओले आहेत तोवरच लावायचं असतं. मग पिंजारतात."

"आधी तू लाव. मग मी."

"मला नको सोन्या, तुझ्यासाठी..."

"डबा भरलेला आहे," पोपट म्हणाली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "लाव की गं पोरीसाठी. एक दिवसानं काय होतंय?" आणि लगेच त्यांची नजर मुलाकडे गेली. नवरा त्या दिवशी दुपारीच घरी परतला होता, काम न मिळता, आणि भिंतीकडे तोंड करून पडला होता.

अर्धीनं दोन बोटांवर क्रीम घेतलं. हात डाव्या बाजूपर्यंत नेला. पोपट टॉवेलच्या आडून डोळे न मिटता बघत होती. केसांना बोटं लागणार एवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे दुकानातलं ते बेसिन आलं, तो साबण, आणि शेजारी उभ्या असलेल्या मॅडम. हात तिथेच थांबला. तिला पोरीची नजर सोसवेना. तिनं बोटं डब्याच्या काठाला पुसली आणि झाकण लावलं.

पोपटनं टॉवेलनं डोकं खसाखसा पुसलं आणि कंगवा उचलला.