बॅटरी घेतली का?

आमच्या घरात विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या वस्तू चार. ट्रान्झिस्टर, इस्त्री, अंधारात हातात धरायची तीन सेलची बॅटरी आणि टेपरेकॉर्डर. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या ओळीत टेपरेकॉर्डर पहिल्यांदा आमच्याकडे आला आणि वडिलांच्या बोलण्याला वजन आलं. ते सदर भागातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. टेपबरोबरची इंग्रजी पुस्तिका त्यांनी सरकारी परिपत्रकासारखी वाचली, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि तेव्हापासून पुस्तिकेतलेच शब्द बोलू लागले.

उमरेडच्या पुढे एका खेड्यात माझी आत्या एकटी राहायची. तिचा मुलगा वेल्डर होऊन कुवेतला गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. आत्याला वाचता येत नव्हतं. पत्रं गावातले मास्तर वाचून दाखवत, पण मास्तरांच्या तोंडून सगळ्यांचीच मुलं मास्तरांसारखी बोलत. म्हणून त्यानं कॅसेटवर बोलून ती सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर आमच्या पत्त्यावर पाठवली. मी म्हटलं, जरा लावून बघू. वडील म्हणाले, "दुसऱ्याचं पत्र आपण फोडत नाही." पाकीट बंदच राहिलं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं जायचं ठरलं. टेप न्यायचा हे उघड होतं. वाद बाकीच्या सामानावर. वडिलांना इस्त्री न्यायची होती. बहिणीच्या गावात चुरगळलेल्या शर्टानं कसं जायचं?

"इस्त्री काहून घेऊन राहिले जी?" आई म्हणाली. "वायर कशात खुपसान, छपराच्या कवेलूत?"

गावात विजेचे खांब आले होते. वीज यायची होती.

"येईलही एवढ्यात," वडील म्हणाले आणि इस्त्री पिशवीत गेली. मग बातम्यांसाठी ट्रान्झिस्टर गेला. आईनं तो काढून त्या जागी चिवड्याचा डबा ठेवला. निघताना वडिलांनी विचारलं, "बॅटरी घेतली का?"

"घेतली."

आत्याच्या ओसरीवर सतरंजी पडली. शेजारचे काका, दोन बायका आणि मास्तर येऊन बसले. वडिलांनी टेप मधोमध ठेवला, मागचं झाकण उघडलं, आणि हात पुढे केला. "बॅटरी."

आईनं पिशवीतून बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली.

भर दुपारी, उन्हात, सगळ्या गावादेखत वडील त्या बॅटरीकडे बघत राहिले. "अगं, टेपमध्ये घालायच्या बॅटऱ्या!"

"त्याले सेल म्हणते ना जी! आजवर तुम्हीही सेलच म्हणत होते." टेपमधले सेल पाझरू नयेत म्हणून ती नेहमी काढून ठेवायची. ते नागपूरला शिंकाळ्यात होते.

 आम्ही आल्यापासून आत्यानं कॅसेट पदराखाली धरली होती, ती फक्त मांडीवर ठेवली.

हातातल्या बॅटरीत तीन सेल होते. टेपला चार लागत. काकांनी घरून आपली बॅटरी आणली, तिच्यातला एक काढला. सगळेच सेल थकलेले. वडिलांनी पुस्तिका बाजूला ठेवली, आणि काका सांगतील तसे चारही सेल भिंतीच्या कडेला उन्हात मांडले. आम्ही तासभर चिवडा खात त्यांच्यावर नजर ठेवून होतो.

"लाव वं बाई आता," आत्या मला म्हणाली.

मी बटण दाबलं. खरखर झाली आणि आवाज आला. "माय, मी बोलून राहिलो..."

मी चमकले. आतेभाऊ काडीसारखा, आवाज बारीक, आणि बोलणं असं भरभर की अर्धी वाक्यं समोरच्यानं पुरी करायची. हा आवाज जाड होता, संथ. सेलमध्ये जीव नव्हता, चाकं रेंगाळत होती. पोरगा जेवणाचं सांगत होता, खोलीतल्या माणसांचं सांगत होता, आणि प्रत्येक शब्द एखाद्या गावच्या पाटलासारखा टेकून बसत होता.

आत्या टेपला कान लावून वाकली होती. कॅसेट संपली तशी ती सरळ झाली.

"आवाज भरला वं पोराचा," ती शेजारणीला म्हणाली. "अंग धरलं असन त्यानं. आन् कसा सावकाश बोलते आता! पयले कसा धावपळीत बोले. तिथं त्याले घाई नाही वाटते."

वडिलांनी तोंड उघडलं. लग्नाच्या पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका यजमानांना दाखवणारा हा माणूस. पुस्तिकेत या दोषाबद्दल सबंध परिच्छेद होता आणि त्याखाली लाल रेघ होती. आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डब्यातला उरलेला चिवडा गोळा करत होती.

"हो बाई," वडील म्हणाले. "हवा मानवली त्याला."

"अजून एकदा लाव," आत्या म्हणाली.

दुसऱ्यांदा तो आणखी जाड झाला होता.